आळशी मुलीचा अभ्रा

माझी थोरली बहीण दिवसा कधी आडवी झाली नाही. सहासष्ट वर्षांच्या बाईबद्दल असं सांगितलं की लोक कौतुकानं मान डोलावतात. मला ते कौतुक ऐकवत नाही. त्या न झोपण्यामागे एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकात मीही आहे.

आधी ताई कशी ते सांगते. शर्टांच्या कारखान्यात तिनं अडतीस वर्षं काजं केली. बटणाच्या भोकाभोवती दाट टाके घालायचे, तेही हातानं, कारण भारी शर्टांना मशीनचं काज चालत नसे. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका टेबलावर डोकं टेकून दहा मिनिटं लवंडायच्या, तेव्हा ही भिंतीला पाठ लावून उभी. घरीही जेवायची उभ्यानं. ताप आला तर अंथरुणात बसून मटार सोलायची. दारावरची बेल वाजली की हातात फडकं घेऊनच दार उघडायची, मग फडक्याचं काही काम असो वा नसो. बसमध्ये शेजारची बाई पेंगायला लागली तर लाज हिला वाटायची. एकदा लग्न जमत आलं होतं. माणूस चांगला होता, घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत हसत विचारलं, "म्हणजे पुस्तकातली झोपणारी मुलगी ती हीच का?" ताईनं हातातला कप संपवला, विसळला, पालथा घातला आणि घरी निघून आली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मी तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी आणि अगदी उलट. मला बसायला द्या, बोलायला द्या, फक्त ऊठ म्हणू नका. लहानपणी मी इकडची काडी तिकडे केली नाही, आणि मोठेपणी शाळेत शिकवायला लागले तेही बरंचसं खुर्चीतून. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हापासून आम्ही दोघी बहिणी दोन खोल्यांत राहतो. मी अंथरुणातून पुरती उठलेली नसते तोवर ती चादरीचं दुसरं टोक ओढायला लागते.

आता पुस्तक. आम्ही लहान असताना आमच्या पुढच्या खोलीत एक चित्रकार भाड्यानं राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढणं हा त्यांचा धंदा. तेव्हाच्या पुस्तकांत प्रत्येक धड्याला जोडी असायची: खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा, स्वच्छ आणि घाणेरडा, उद्योगी आणि आळशी. डाव्या पानावर चांगला, उजव्या पानावर वाईट, आणि वाइटाच्या नशिबी पान उलटलं की काहीतरी भोगायला लिहिलेलंच. काकांना एक खोड होती. समोर माणूस बसवल्याशिवाय ते रेघ ओढायचे नाहीत. "मनानं काढलेला हात खोटा दिसतो," म्हणायचे. त्यामुळे खोटं बोलणारा मुलगा म्हणून दूधवाल्याचा भाचा बसला होता, आणि घाणेरडा म्हणून स्वतः काकाच आरशासमोर बसले होते. तेव्हा सगळे हसले होते.

उद्योगी आणि आळशी मुलीची चित्रं निघाली तेव्हा ताई दहा वर्षांची होती आणि मी सात. आईची तब्येत नाजूक होती. पहाटे उठून पाणी भरणं, चूल पेटवणं, बाबांचा डबा आणि मला न्हाऊ घालणं सगळं ताईकडे. वर आई उशांचे अभ्रे शिवून द्यायची, त्यांची काठाची तुरपाईही ताईच करायची. मला सुई धरताही येत नव्हती. आणि काकांनी उद्योगी म्हणून निवडलं मला.

त्यांचं कारण त्यांच्या धंद्यातलं होतं. उद्योगी मुलीचं चित्र म्हणजे हलता हात, वीस मिनिटांत कच्चं रेखाटून होणारं. माझ्यासारखी चुळबुळी पोर त्याला चालत होती. आळशी मुलीचं काम मोठं होतं. खिडकीतून येणारं ऊन, टेबल, हातांच्या घडीवर टेकलेलं डोकं, केसांची एकेक बट, सगळं शाईच्या बारीक रेघांनी भरायचं. त्याला चार दुपारी लागणार होत्या, आणि चार दुपारी डोकं टेकून जराही न हलणारी मुलगी हवी होती. "स्वस्थ पडायला शिस्त लागते," काका आईला म्हणाले. "ती तुमच्या थोरलीकडे आहे." आळशी दिसण्याचं काम घरातल्या सगळ्यांत कष्टाळू मुलीला मिळालं ते असं. पहिल्या दुपारी काका आले तेव्हा ती शिवणाच्या टेबलाशी बसलेली होती. त्यांनी सांगितल्यासारखं तिनं डोकं टेकलं, आणि पहाटेपासूनची दमलेली पोर खरंच झोपून गेली. जागी झाल्यावर घाबरून तिनं विचारलं, "काका, हलले नाही ना मी?" उरलेल्या तीन दुपारी ती डोळे मिटून जागी राहिली.

पुस्तक छापून आलं ते नेमकं माझ्या इयत्तेचं. डाव्या पानावर मी: "उद्योगी मुलगी पाहा. तिची सुई कधी थांबत नाही." उजव्या पानावर ताई: "आळशी मुलगी पाहा. तिचे काम पडून आहे. ती भरदिवसा झोपली आहे. अशा मुलीला पुढे कोण विचारील?" आमच्या बाईंनी विचारलं, "ही आपल्या वर्गातलीच ना गं?" मी उभी राहिले, म्हटलं, हो, आणि ती माझी ताई. कुणी विचारलं नव्हतं. मी होऊन सांगितलं.

संध्याकाळपर्यंत ताईचं नाव डुलकी पडलं. आधी शाळेत, मग नळावर, मग गल्लीत. बाबांनीसुद्धा हसत हसत म्हटलं, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, काय गं डुलके?" त्यांच्या मनात काही नव्हतं. काकांना मात्र वाईट वाटलं असावं. ते ताईला म्हणाले, "अगं, चित्रातली ती तू नव्हेस, ती कुणीही आहे." पण चित्र त्यांनी इतकं हुबेहूब काढलं होतं की तिच्या कोपरावरचा भाजल्याचा डागही त्यात होता. वर्षभरात ते जागा सोडून गेले. पुस्तक राहिलं. तीस वर्षं छापखान्यात तेच ठसे, तीच पानं. ताई कारखान्यात लागली तेव्हा मुकादमाच्या मुलीच्या दप्तरात चित्रातली आळशी मुलगी तिच्याआधीच पोचलेली होती.

आणि माझं काय झालं? मी शिक्षिका झाले, आणि तो धडा मी एकोणीस वर्षं शिकवला. पट्टी घेऊन फळ्यापाशी उभी राहायची आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर पट्टी टेकवून विचारायची, "मुलांनो, या मुलीपासून आपण काय शिकलो?" ही माझी ताई, असं त्या एकोणीस वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही. जेव्हा बोलू नये तेव्हा बोलले, आणि बोलायला हवं होतं तेव्हा मूग गिळून बसले. एकदा परीक्षेत एका मुलीनं त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, "ती दमली असेल." मी त्यावर लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. पुस्तकात तसं नव्हतं ना.

गेल्या वर्षी ताईला सुईत दोरा ओवता येईना. सरळ रेघा मध्येच वाकड्या दिसायला लागल्या, माणसाच्या चेहऱ्याचा मधला भाग दिसेना. डावा डोळा लहानपणापासून अधूच होता, सगळी भिस्त उजव्यावर. पहिल्या डॉक्टरांनी डावा तपासता तपासता सहज सांगितलं, "याला आळशी डोळा म्हणतात." ताई ताडकन उठली आणि पिशवी घेऊन बाहेर. त्या दवाखान्यात ती पुन्हा गेली नाही. म्हणून मग दुसरीकडे, एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी निदान केलं: उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला मधोमध बारीक छिद्र पडलंय.

"शिवणानं झालं का?" ताईनं विचारलं.

"नाही आजी. वयानं होतं."

"कामानं गेला असता तर निदान काही वाटलं नसतं," ताई माझ्याकडे बघून म्हणाली. विनोद नव्हता तो.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला होता. तो वर वर जाणार, म्हणून तोंड सतत जमिनीकडे हवं. मगच तो मागच्या छिद्रावर दाबून बसेल आणि छिद्र मिटेल. दहा दिवस, तासातली पन्नास मिनिटं. "मान वर करून फिरलात तर ऑपरेशन फुकट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा डोळा गेला तर दुसऱ्याच्या भरवशावर राहता येणार नाही. सोपं आहे हो. टेबलावर हातांची घडी घाला, कपाळ टेका आणि पडून राहा. शाळेत मुलं झोपतात ना, तसं."

ताईचा चेहरा उतरला. मी खाली बघितलं. त्या बिचाऱ्या मुलीला काय ठाऊक, तिनं आम्हाला कुठल्या पानावर नेऊन सोडलं ते.

"चालत राहिलं तर नाही का चालणार?" ताईनं विचारलं. "मान खाली घालून? झाडू मारताना मान खालीच असते."

पहिले तीन दिवस आठवले की अजून माझं डोकं तापतं. रात्रीची काळजी नव्हती. अंधारात कोण बघतंय, ती मुकाट पालथी झोपायची. उजाडलं की संकट. डोळ्यावर पट्टी, आणि बाई चाचपडत झाडू मारतायत, डाळ निवडतायत. डाळ निवडायची म्हणजे बोटांनी, खडे परत डाळीत. बेल वाजली की मान वर. कुकरची शिट्टी झाली की मान वर. मी ओरडले, रडले, हात जोडले. दुपारी कशीबशी तिला टेबलाशी बसवून डोकं टेकायला लावलं, आणि तेवढ्यात समोरची शेजारीण वाटी परत करायला आत आली. लहानपणापासूनची ओळख, त्यामुळे जिभेला हाड नाही. "अगंबाई! शेवटी डुलकीला डुलकी लागलीच म्हणायची!"

ताई उठून उभी राहिली. मान ताठ. "बसा, चहा टाकते," म्हणाली. मी शेजारणीला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पण त्यानंतर ताईनं टेबलाकडे पाठ केली ती केलीच.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं. मग म्हणाल्या, "कडा जवळ आलेल्या नाहीत. अजून सहा दिवस आहेत. ते गेले तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही." परत येताना रिक्षात ताईनं माझा हात धरला होता. "मला कळतंय गं," ती म्हणाली. "पण डोकं टेकलं की सगळे भोवती उभे राहून बघतायत असं वाटतं. मला होत नाही." तिला आंधळं व्हायची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती टेबलाची वाटत होती. यात माझा वाटा किती होता ते मला चांगलं ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून ते पुस्तक काढलं. माझीच प्रत. शाळेची जुनी कोरी वही घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि ताईला म्हटलं, "इकडे ये. मला काम आहे तुझ्याकडे."

"काय?"

"मला तुझं चित्र काढायचंय. टेबलावर डोकं टेकलेलं."

"तुला चित्र काढता येतं?"

"फळ्यावर बैल काढायची की."

"तो बैल होता?"

"ताई, काकांसाठी चार दुपारी बसलीस. मला सहा दिवस दे. पन्नास मिनिटं बसायचं, दहा मिनिटं सुट्टी. हलायचं नाही. माझ्या एकटीच्यानं होणारं काम नाही हे."

तिनं हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग खुर्ची ओढली, बाह्या सारख्या केल्या, हातांची घडी घातली. "काम असलं तर ठीक," म्हणाली, आणि कपाळ टेकलं.

तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पेन्सिलीचा आवाज थांबला की लगेच खांदा हलायचा. "का थांबलीस? झालं?" म्हणून मला थांबता येईना. जन्मात कधी सलग तासभर हात न हलवलेली मी, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत पेन्सिल चालवत होते. बोटाला फोड आला. आणि मला खरंच येत नव्हतं काही; डोकं काढलं तर कोबी व्हायचा. शेवटी मी जुनं पुस्तक शेजारी उघडं ठेवलं आणि काकांची रेघ न् रेघ बघून उतरवायला लागले. इतकी वर्षं त्या पानावर पट्टी ठेवली होती, पण ते पाहिलं असं तेव्हाच.

आठव्या दिवशी मी टेबलावरच्या कापडापाशी आले. आळशी मुलीच्या कोपराशी पडलेला अभ्रा. तो मला नुसता पांढरा तुकडा वाटायचा. ताईचं भिंग घेऊन बघितलं तर त्याच्या काठावर बारीक बारीक टिंबं होती, सारख्या अंतरावर. मी मोजली. बावन्न. शेवटी गाठ. दोरा कापलेला, आणि सुई नीट रिळात खोचून ठेवलेली. खाली छापलं होतं, तिचे काम पडून आहे.

मी डाव्या पानाकडे वळले. उद्योगी मुलगी, सुई उंच धरलेली, कपाळावर केवढी मेहनत. कापडावर टाका एकही नाही. सुईत दोराच नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. काका समोर असेल तेवढंच काढायचे. त्यांनी दोन्ही पानांवर खरं तेच काढलं होतं, आणि खालची वाक्यं दुसऱ्याच कुणीतरी लिहिली होती.

"पेन्सिल का थांबली?" ताईनं घडीतूनच विचारलं.

"ताई, माझ्या सुईत दोरा नाहीये."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मीच काढून घेतला होता. तू गुंता केला असतास, आईचा अभ्रा वाया गेला असता. नुसती सुई दिली तुझ्या हातात."

"आणि तुझा?"

"माझा झाला होता पुरा. काका आले तेव्हा गाठच मारत होते मी."

"मग छप्पन्न वर्षं बोलली का नाहीस? पान उघडून दाखवायचं होतंस!"

तिचं डोकं खालीच होतं, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. "तू ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचीस," ती म्हणाली. "एकीचं तरी चित्र खरं राहू दे म्हटलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांची पट्टी, आणि ते शून्य दिलेलं उत्तर. ताईचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती ते कळेना. मी घाबरून म्हटलं, "डोळ्यात पाणी आणू नकोस, डॉक्टरीणबाई ओरडतील." ती हातांच्या घडीतून म्हणाली, "त्या पोरीला मार्क द्यायला हवे होतेस गं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दहाव्या दिवशी यंत्रात छिद्र मिटत आलेलं दिसलं. पूर्ण नाही. पहिले चार दिवस गेले ते गेलेच. मोठी अक्षरं दिसतील, माणसं दिसतील, रस्ता ओलांडता येईल. सुईचं नेढं मात्र दिसणार नाही. "शिवण आता नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईनं मान हलवली. घरी येईपर्यंत ती अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, दोऱ्याला पीळ देताना घासायची तशी.

घरी आल्या आल्या तिनं चित्र मागितलं. मी लाजत वही दिली. ती उजेडाशी नेऊन, डोळ्याच्या कडेनं, वेगवेगळ्या अंतरावर धरून तिनं बघितली.

"हे पोतं कसलं?"

"तू आहेस ती."

"सहा दिवस बसलीस आणि एवढंच?" ती हसली. मग पुन्हा वहीवर वाकली. "अभ्रा कुठाय?"

मी अभ्रा काढलाच नव्हता. तिथे थांबले होते, आणि उरलेले दोन दिवस नुसते केसच गिरवत राहिले होते ना.

"तो काढ," ताई म्हणाली. दुपारचे दोन वाजले होते. दार सताड उघडं होतं आणि गल्लीतून माणसं ये-जा करत होती. तिनं खुर्ची ओढली, हातांची घडी घातली आणि त्यावर डोकं टेकलं. मी पेन्सिल चालू केली. थोड्या वेळानं मुद्दाम थांबवून बघितली. तिचा खांदा हलला नाही. तिचा श्वास संथ चालला होता. ती झोपली होती.

मी मोजून टाके काढायला घेतले. तिसाव्या टाक्याला समोरची शेजारीण दारात आली. तिनं ताईकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"दमलीये ती," मी म्हटलं.

शेजारीण पाऊल न वाजवता मागे फिरली. मी एकतिसावा टाका काढायला घेतला.